बांधावरचा चारा: युरिया आवरा, कापणीचा दिवस पाळा

प्रश्न : दोन म्हशी, तीन गाई आणि विहिरीखालची वीस गुंठे जमीन आहे. एकदा लावून तीन-चार वर्षे चालेल असा चारा हवा. दुकानदार सुपर नेपियर या उंच चारा-घासाची कांडी पाच रुपयांना देतो, कापणीला एक गोणी युरिया टाका आणि टॉनिक मारा म्हणतो. काय करू?

उत्तर : पाच रुपये देऊ नका. शेजारच्या गावात फुले जयवंत किंवा बायफ-10 हा नेपियरचाच वाण सापडेलच, त्याच्या दोन डोळ्यांच्या कांड्या आणा. 90 बाय 60 सेंमीवर वीस गुंठ्यांना 3,700 लागतात. दुकानदाराच्या भावाने साडेअठरा हजार झाले!

आता युरिया. तुमच्या वीस गुंठ्यांना कापणीमागे अकरा किलो पुरे. गोणी म्हणजे चौपट. असा प्लॉट लांबून ओळखू येतो: पानं काळपट हिरवी, घास आडवा पडलेला. शेतकरी खूश असतो, पण तो चारा नायट्रेटने, म्हणजे जादा युरियातून पानात साठणाऱ्या विषारी क्षाराने, भरलेला असतो. युरिया टाकून आठ-दहा दिवसांत कोवळं कापून दावणीला टाकलं की म्हैस धापा टाकते, मग धावपळ. युरिया कापणीनंतर लगेच, पाण्यासोबत. कापणीच्या तोंडावर कधीच नाही.

डिसेंबर-जानेवारीत नेपियर थांबतो. ती थंडी आहे, उपासमार नाही. टॉनिकची बाटली नेमकी तेव्हाच गळ्यात मारतात. घेऊ नका. युरियाही वाढवू नका.

पहिली कापणी 60 ते 75 दिवसांनी, पुढे दर 45 दिवसांनी, जमिनीपासून अर्धी वीत ठेवून. महिन्याच्या आत कापलेल्या कोवळ्या घासात ऑक्झलेट जास्त, ते जनावराचं कॅल्शियम खातं. म्हणून कुट्टीत कडबा मिसळा, खनिज मिश्रण रोज द्या.

माझा आग्रह एकच, प्लॉटचे 45 वाफे पाडा, रोज एक कापा. बरं जमलं तर वाफ्याला शंभर किलो निघतो, पाच जनावरांना पुरतो, आणि कापणीचा दिवस आपोआप पाळला जातो.

नुसत्या नेपियरवर दूध टिकत नाही. दर तीन ओळींनंतर दशरथ घासाची, म्हणजे प्रथिनं देणाऱ्या द्विदल चाऱ्याची, एक ओळ घ्या. बी उकळून जरा निवलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं, मग रात्रभर थंड पाण्यात. नाहीतर उगवत नाही आणि बियाणं खोटं म्हणून भांडण होतं. बांधावर शेवरीची चाऱ्याची झाडं लावा. सुबाभूळ असेल तर हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नको.

ठोंब-बियाण्याच्या अनुदानाचं पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात सातबारा घेऊन विचारा.

विहीर एप्रिलला आटत असेल तर पाच गुंठे नेपियर कमी करून तिथे कमी पाण्यावर तगणारं मारवेल गवत लावा.