वांकेल इंजिनाचा ध्यास आणि मेकॅनिकलची वाट

प्रश्न : माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत असून एमएचटी-सीईटीची तयारी करत आहे. त्याचे वडील रबाळे एमआयडीसीत जनरेटरच्या डिझेल इंजिनांचे ओव्हरहॉलिंग करतात. मुलाला वेगळ्या धाटणीच्या इंजिनांचा ध्यास लागला आहे आणि रोज जेवताना बापलेकांचा त्यावरून वाद होतो. वडील म्हणतात, ‘हे सगळे पूर्वीच करून पाहिलेले आणि फसलेले आहे, तू कॉम्प्युटरला जा.’ त्याच्या वहीतील एका पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्याला मेकॅनिकलला घालावे का, आणि हे वाद थांबवावेत का?
– एक आई, पाचपाखाडी, ठाणे

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राइतक्याच काळजीने मी ती झेरॉक्सही वाचली. पट्टीने उभी रेघ मारून चिरंजीवांनी वांकेल इंजिनाचे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाचे, दोन रकाने केले आहेत. फायद्यांच्या रकान्यात अकरा नोंदी आहेत, तोट्यांच्या रकान्यात दोनच : ‘सील झिजते’ आणि ‘ॲव्हरेज कमी’. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या दुसऱ्या रकान्यातच शोधावेसे वाटते. अकरा फायदे बहुतेक बरोबर आहेत. पिस्टनची मागेपुढे धाव नाही, व्हॉल्व्ह नाहीत, थरथर कमी, आकार लहान आणि वजन हलके, हे सारे खरे आहे. परंतु फायदे कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळतात, तर तोट्याचे कारण शोधण्यासाठी यंत्राच्या आत शिरावे लागते. अभियंत्याचे काम तिथूनच सुरू होते.

‘सील झिजते’ या दोन शब्दांमागे काय आहे ते पाहा. आपले यजमान रोज ज्या पिस्टन रिंगा हाताळतात, त्या गोल सिलिंडरला सर्व बाजूंनी टेकून एकाच रेषेत वरखाली सरकतात. वांकेलमधील तिकोनी रोटरच्या टोकांवरची सीले, म्हणजे वायूची गळती रोखणाऱ्या पट्ट्या, मात्र रोटर ज्यात फिरतो त्या घराच्या भिंतीला केवळ एका बारीक कडेवर टेकतात, फिरताना भिंतीशी त्यांचा कोन सतत बदलत राहतो आणि वाटेत त्यांना स्पार्क प्लगच्या भोकांवरूनही जावे लागते. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये आरओ ८० ही देखणी मोटार बाजारात आणली, आणि हमीच्या मुदतीत इंजिने बदलून देता देता ती कंपनी आर्थिक अडचणीत आली. त्याच सुमारास जपानमध्ये माझ्दा कंपनीत केनिची यामामोतो यांच्या हाताखालचा ४७ अभियंत्यांचा गट याच दुखण्याशी झगडत होता. चाचणीनंतर इंजिन उघडले की घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटलेले दिसत, आणि त्यांना ते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. सील स्वतःच्या कंपनसंख्येला थरथरते आणि भिंतीवर आपटत राहते, हे पुढे उमगले. मग सीलाचा आकार बदलला, कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेले साहित्य आले, आणि मोटार रस्त्यावर टिकली. हा प्रश्न सुटला तो कंपनशास्त्र आणि पदार्थविज्ञान जाणणाऱ्यांमुळे, हे चिरंजीवांना आवर्जून सांगावे, कारण मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात मुलांना हेच विषय सर्वांत कोरडे वाटतात.

‘ॲव्हरेज कमी’ या नोंदीचे कारण वेगळे आहे. ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्यामुळे आतल्या वायूच्या मानाने धातूचा पृष्ठभाग फार मोठा पडतो. उष्णता भिंतीत जाते, कडेचे इंधन जळायचे राहते, आणि तेच धुराड्यातून बाहेर पडते. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी ही बाजू अधिकच लंगडी पडली आणि २०१२ मध्ये माझ्दाच्या आरएक्स-८ या वांकेल इंजिनाच्या मोटारीचे उत्पादन थांबले.

असे असूनही यजमानांचे ‘फसलेले’ हे विधान मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. १९९१ मध्ये ल मां येथील चोवीस तासांची शर्यत चार रोटरच्या माझ्दा ७८७बी या गाडीने जिंकली. आपल्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरच्या एनएएल या विमानविषयक संशोधन संस्थेसह ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित केले आणि २००९ मध्ये ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान त्यावर उडाले. छोट्या विमानाला हलके आणि कमी थरथरणारे इंजिन लागते, त्यामुळे तिथे इंधन थोडे जास्त गेले तरी हिशेब जमतो. २०२३ मध्ये माझ्दाने हेच तत्त्व पुन्हा आणले, पण चाके फिरवण्यासाठी नव्हे, तर विजेच्या मोटारीत बॅटरी भरणारा जनरेटर म्हणून. तिथे इंजिनाला घाटात आणि घोडबंदर रोडच्या गर्दीत सतत वेग बदलावा लागत नाही. म्हणजे इंजिन चांगले की वाईट हा वाद कोणत्या कामासाठी, हे ठरल्याशिवाय पुढे सरकूच शकत नाही. बापलेकांचा वाद रोज त्याच जागी येऊन थांबतो, त्याचे कारण मला हे दिसते.

पानाच्या तळाशी चिरंजीवांनी लिहिले आहे : ‘स्टर्लिंग – कोणतेही इंधन, आवाज नाही. मग मोटारीत का नाही?’ ते प्रश्नचिन्ह पाहून मला फार बरे वाटले. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्ये पेटंट घेतलेल्या या इंजिनात उष्णता बाहेरून, धातूच्या भिंतीतून आत शिरते; त्यामुळे ते तापायला वेळ घेते, ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर जोर देत नाही, आणि उष्णता आत-बाहेर नेणारे भाग अवजड होतात. स्वीडनच्या गोटलँड वर्गातील पाणबुड्यांत मात्र ते चालते, कारण पाण्याखाली घाई नसते आणि शांतता हवी असते.

आता शाखेविषयी. गणित व भौतिकशास्त्रात त्याचे गुण बरे असतील तर मेकॅनिकल घ्यायला माझी हरकत नाही, पण एक गोष्ट आपण दोघांनीही समजून घ्यावी. विजेच्या मोटारी वाढत असल्याने प्रवासी मोटारींच्या इंजिनांवरचे काम पुढे आकसत जाईल, म्हणून ‘मी मोटारीचे नवे इंजिन बनवीन’ एवढ्या एकाच आशेवर चार वर्षे लावू नयेत. जनरेटर, जहाजे, ड्रोन, संरक्षण आणि पर्यायी इंधने या क्षेत्रांत उष्मागतिकी आणि कंपनशास्त्र पक्के असलेल्या माणसाला काम आहे. आज इंजिनातील ज्वलन आधी संगणकावर मांडून पाहतात, त्यामुळे प्रोग्रॅमिंग त्याला शिकावेच लागेल, आणि यजमानांचा आग्रह त्या अर्थाने रास्त आहे. माटुंग्याचे व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय ठाण्याहून रोज जाण्याजोगे आहे. कॉलेज निवडताना तिथला संघ बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या वाहन-स्पर्धांत उतरतो का, हे अवश्य विचारा. पदवीनंतर गेट परीक्षा देऊन आयआयटीत एमटेक करता येते, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत इंजिनांच्या चाचण्यांचे काम चालते.

वाद थांबवू नका. सीईटी झाली की एखाद्या रविवारी यजमानांनी त्याला वर्कशॉपवर न्यावे आणि उघडलेल्या इंजिनातली झिजलेली रिंग व नवी रिंग त्याच्या हातात द्यावी. दोन्ही रिंगा आळीपाळीने बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याने स्वतः रिंगेच्या टोकांमधला गॅप मोजावा, आकडे लिहावेत आणि मग वडिलांना विचारावे, ‘ही इथेच का झिजली?’ त्या दिवशी मुलाला कळेल की वडिलांच्या ‘चालत नाही’मागे अनेक वर्षांचे मोजमाप आहे, आणि वडिलांनाही त्याचे प्रश्न वेगळ्या कानांनी ऐकू येतील.

त्यानंतर त्याने तोट्यांचा रकाना पुन्हा लिहावा. प्रत्येक नोंदीपुढे कारण आणि ते इंजिन कोणत्या कामाला तरीही चालेल, एवढे दोनच शब्द असले तरी पुरे. ते पान कॅप फेरीचा पसंतीक्रम भरण्याआधी माझ्याकडे पाठवा, म्हणजे महाविद्यालयांचा क्रम आपण एकत्र बसून लावू.