वाचकांचे प्रश्न: जनावरांकडून माणसाकडे, रानातून गोठ्याकडे

प्रश्न : गोठ्यातल्या दोन गायी सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या. दोन्हींची वार अडकली होती, ती हातानंच काढली. तीन आठवड्यांनंतर मला संध्याकाळी ताप भरू लागला. रात्री दरदरून घाम येतो, कंबर धरते. ताप आठ दिवस जातो आणि पुन्हा येतो. याचा गायींशी संबंध असेल का?

असण्याची दाट शक्यता आहे. गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भपात, त्यात वार अडकणं आणि गोठ्यात एकाहून अधिक गायींना तोच त्रास, ही ब्रुसेलोसिस या जिवाणूजन्य रोगाची ओळखीची खूण आहे. दुधातून हा रोग होतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण ब्रुसेल्ला जिवाणूंचा सर्वांत मोठा साठा दुधात नसतो, तो गाभडलेल्या गर्भात, वारेत आणि त्यासोबत येणाऱ्या पाण्यात असतो. हातावरची बारीक चीर, डोळ्यात उडालेला थेंब किंवा श्वासावाटे गेलेले तुषार एवढंही त्याला पुरतं. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात, कधी काही महिनेही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा तापाच्या आधी गायींची गोष्ट सांगा. नाहीतर टायफॉइड, मलेरिया, संधिवात अशा वाटांनी महिने निघून जातात. रक्ताची कल्चर तपासणी (रक्तातले जिवाणू वाढवून पाहणं) करायची असेल तर प्रयोगशाळेलाही ब्रुसेल्लाचा संशय आधी कळवायला सांगा. हा जिवाणू सावकाश वाढतो, आणि बेसावध असताना तंत्रज्ञालाही होतो. मोठ्या माणसाला सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा आठवडे देतात, आणि सोबत रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांची औषधं वेगळी असतात. दहा दिवसांत ताप उतरतो, बरं वाटू लागतं, म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि आजार उलटतो. हा जिवाणू पेशींच्या आत दडून राहतो, म्हणूनच दोन औषधं आणि सहा आठवडे लागतात.

आता गोठ्याकडे. गाभडलेली गाय स्राव पूर्ण थांबेपर्यंत वेगळी बांधा. तिची रक्तचाचणी करा, आणि निकाल नकारात्मक आला तरी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करा, कारण लागण झालेली गाभण गाय गाभडेपर्यंत किंवा विण्यापर्यंत चाचणीत सापडेलच असं नाही. गर्भ आणि वार कुत्र्यांपुढे टाकू नका, उकिरड्यावर तर नाहीच. खोल खड्डा करून पुरा. जागेवर जंतुनाशक ओतण्याआधी शेण-माती-रक्त खरवडून काढा, मग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट टाकून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. शेणावर ओतलेलं हायपोक्लोराइट शेणातच संपतं. ओलसर सावलीत हा जिवाणू आठवडेच्या आठवडे टिकतो, कडक उन्हात मात्र लवकर मरतो.

लस आहे, एस-१९. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला दिली तर गर्भपात होऊ शकतो, आणि नराला ती देतच नाहीत. लस जिवंत जिवाणूंची आहे, त्यामुळे टोचताना सुई स्वतःला लागली तर तो ब्रुसेल्लाचाच संपर्क समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दूध उकळून घ्या. पाश्चरीकरण म्हणजे ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटं किंवा ७२ अंशाला १५ सेकंद. एवढ्यानं ब्रुसेल्लाही मरतो आणि गायीच्या क्षयाचा जिवाणूही.

हा रोग जंगलातही गेला आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या बायसन या रानटी गुरांत तो पहिल्यांदा १९१७ साली सापडला, आणि तिथे तो पाळीव गुरांकडूनच पोचल्याचं मानतात. आज तिथल्या एल्क हरणांकडून तो भोवतालच्या गुरांत परततो. रानातलं जनावर रोग आणतं असं म्हणताना हा पहिला भाग सहसा गाळला जातो.

प्रश्न : गायीची लाळ गळत होती, पाणी गिळता येत नव्हतं. घशात काही अडकलं असावं म्हणून तोंडात हात घालून पाहिलं, काही सापडलं नाही. नंतर ती घोगऱ्या आवाजात सारखी हंबरत राहिली आणि तीन दिवसांत मेली. कुत्रं चावल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून ते टपालानं आधीच पाठवलं आहे. इतरांसाठी इथे देतो.

लाळ, गिळता न येणं, आवाज बदलणं आणि काही दिवसांत मृत्यू, यात रेबीज गृहीत धरूनच चालायचं. चावा दिसायलाच हवा असं नाही. चाव्यापासून लक्षणांपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात, तोवर जखम भरून केसांखाली गेलेली असते. कोल्हा, मुंगूस चावून गेलेलं कळतही नाही. गायीच्या घशात पक्षाघात झालेला असतो, म्हणून काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालणं हीच नेहमीची चूक, आणि ती जाणती माणसंही करतात.

हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. या विषाणूला चरबीचं आवरण असतं आणि साबण ते मोडतो. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. तास-दोन तास उलटून गेले असले, अगदी दिवस गेले असले, तरी धुवाच आणि लस घ्याच.

फाटलेल्या त्वचेला किंवा डोळ्या-तोंडाच्या आतल्या पडद्याला लाळ लागली असेल तर तो तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या श्रेणीचा संपर्क. त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) लागतं: मानवी असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्यापासूनचं असेल तर ४० युनिट, जखमेत आणि भोवती टोचायचं. पहिल्या लसीनंतर सात दिवस उलटले की ते देण्यात अर्थ उरत नाही, कारण तोवर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवू लागलेलं असतं. लस स्नायूत घेतली तर प्रचलित वेळापत्रक ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवसाचं. पूर्वी पूर्ण लसीकरण झालेल्याला फक्त ० आणि ३, इम्युनोग्लोब्युलिन नाही.

गायीच्या मेंदूचा नमुना पशुवैद्यकामार्फत पाठवता येतो, पण अहवालाची वाट बघत लस लांबवू नका. दहा दिवस प्राण्यावर नजर ठेवण्याचा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच आहे, मुंगूस, कोल्हा, माकड यांना तो लागू नाही. आजारी गायीचं दूध टाकून द्या. ते आधी उकळून प्यायलेल्यांना लसीची गरज नसते. नमुन्यासाठी गायीचं डोकं कापणाऱ्याचा हात मात्र धोक्यात असतो.

प्रश्न : चरायला गेलेला बैल संध्याकाळी मेलेला सापडला. पोट फुगलेलं, नाका-गुदातून काळसर रक्त. कारण कळावं म्हणून फाडून पाहावं का?

नाही. सुरीच लावू नका. अचानक मृत्यू आणि न गोठणारं काळं रक्त म्हणजे फाशी, म्हणजेच अँथ्रॅक्स, समजून वागा. साप, वीज, फऱ्या, घटसर्प यातलं काही निघालं तर उत्तमच.

न फाडण्याचं कारण असं. शरीराच्या आत हा जिवाणू साध्या रूपात असतो आणि मढं कुजू लागलं की काही दिवसांत मरतो. त्याला बीजाणू, म्हणजे कवचातलं टिकाऊ सुप्त रूप, बनवायला हवेतला प्राणवायू लागतो. आपण पोट फाडतो तेव्हा तीच संधी देतो, आणि बीजाणू मातीत दशकानुदशकं टिकतात. रशियाच्या यमाल भागात २०१६ च्या उन्हाळ्यात दोन हजारांहून जास्त रेनडिअर मेले आणि एक मुलगाही दगावला. गोठलेली जमीन वितळून तिच्यातले जुने बीजाणू वर आले असावेत असं मानलं जातं. तिथलं रेनडिअरचं लसीकरण २००७ मध्ये बंद झालं होतं.

पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन काचपट्टी करतील. पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूनं रंगवली की निळ्या दांड्यांभोवती गुलाबी आवरण दिसतं. मढं सडलं असेल तर ही तपासणी फसते, म्हणून लवकर बोलवा. तोवर नाक, तोंड आणि गुदद्वारात जंतुनाशकात भिजवलेला कापूस भरा, वर जाड प्लॅस्टिक अंथरा, कुत्री आणि गिधाडं येऊ देऊ नका. ओढत नेऊ नका, वाटभर रक्त सांडतं. जागीच पूर्ण जाळणं सर्वांत चांगलं. पुरायचं असेल तर मढ्यावर किमान दोन मीटर माती बसेल एवढा खड्डा हवा, आणि रक्त लागलेली मातीही त्यातच. चुना टाकण्याची सवय जुनी आहे, पण अँथ्रॅक्सच्या खड्ड्यात जागतिक आरोग्य संघटना तो टाळायला सांगते, कारण कॅल्शियममुळे बीजाणू अधिक टिकण्याची शक्यता असते.

बाकी कळप त्या कुरणातून हलवा आणि रोज ताप मोजा. ताप असलेल्याला पेनिसिलिन, बाकीच्यांना लस. दोन्ही एकाच जनावराला एकदम देऊ नका, लस जिवंत बीजाणूंची असते आणि पेनिसिलिन ती वाया घालवतं. मधे दोन आठवडे जाऊ द्या. मांस वाटून घेतलं असेल तर शिजवण्यावर भरवसा ठेवू नका. कापणाऱ्याच्या हातावर खाजरी पण न दुखणारी पुळी उठली, तिच्यावर काळी खपली धरली आणि भोवती सूज आली, तर तीच काळपुळी, म्हणजे माणसाच्या त्वचेवरचा अँथ्रॅक्स. वेळेवर प्रतिजैविकं मिळाली की ती बरी होते. दुखत नाही म्हणूनच दुर्लक्ष होतं.

प्रश्न : लंपीच्या गायीचं दूध उकळून प्यावं का? आम्हाला लंपी होईल का?

लंपी माणसाला होत नाही. उकळलेलं दूध चालेल, प्रतिजैविकं सुरू असतील तर त्यांचा प्रतीक्षाकाळ (औषधानंतर दूध न वापरण्याचे दिवस) मात्र पाळा.

प्रश्न : गोठ्याजवळच्या झाडावर शेकडो वटवाघळं असतात. त्यांच्याकडून येणाऱ्या निपाह विषाणूच्या भीतीनं झाड तोडावं म्हणतो.

तोडू नका. हुसकावलेली वटवाघळं नाहीशी होत नाहीत, दुसऱ्या झाडावर जातात. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरांच्या गोठ्यांशेजारीच फळबागा होत्या. वटवाघळांनी चावलेली फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली, आणि डुकरांकडून विषाणू माणसांत आला. बांगलादेशात तो खजुराच्या कच्च्या रसातून येतो. वटवाघळं रात्री त्या मडक्याशी येतात, म्हणून तिथे मडक्यावर बांबूची झडप बांधतात.

तेव्हा दावण आणि वैरण झाडाच्या सावलीतून बाहेर न्या, पाण्याच्या टाकीवर झाकण ठेवा, चावा असलेली पडलेली फळं डुकरांना किंवा गुरांना घालू नका, स्वतःही खाऊ नका. मेलेलं वटवाघूळ दिसलं तर हात लावू नका. फावड्यानं उचलून दुहेरी पिशवीत बांधा, पुरा, फावडं जंतुनाशकानं धुवा आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा.