ठाणे-नवी मुंबईच्या जवळ पायी चालता येईल असा एखादा जुना, नावाजलेला रस्ता आहे का?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच ऐरोलीत राहायला आलात, महामार्ग गाडीच्या काचेतून बघून कंटाळलात आणि ज्याला खरोखर इतिहास आहे अशा वाटेवर एक दिवस पायी चालायचंय. माझं उत्तर: नाणेघाट, म्हणजे मुरबाड आणि जुन्नर यांच्या मधली सह्याद्रीतली जुनी खिंड. पण खालून, मुरबाडच्या बाजूने चढून. जुन्नरमार्गे गाडी थेट पठारावर नेऊन, खिंडीच्या तोंडाशी फोटो काढून परतणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जागा पाहिली, रस्ता नाही पाहिला.

आधी बाकीच्यांची बोळवण करतो. घोडबंदर रोडला इतिहास आहे, पण तिथे चालायला जाणं म्हणजे धूळ खायला जाणं. जुना आग्रा रोड कापूरबावडीवरून कशेळीमार्गे भिवंडीकडे जातो आणि आता गोदामांचा झालाय. पनवेलकडून बोरघाटात चढणाऱ्या जुन्या पुणे रस्त्यावर कडेने चालायचं धाडस मी कुणाला सुचवणार नाही. अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर तर पायी माणसाला प्रवेशच नाही, दुचाकीलाही नाही. समृद्धी जून 2025 मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत पुरी झाली, एकूण 701 किलोमीटर. इगतपुरी-कसारा टप्प्यात तिचा 7.8 किलोमीटरचा बोगदा आहे. अख्खा सह्याद्री दिवे लावलेल्या भुयारातून मागे पडतो आणि आपण घाट ओलांडला हे मोबाइलच्या नकाशावर कळतं. सोयीचं आहे, मीही वापरतो. तुम्हाला हवं आहे ते मात्र हे नव्हे.

नाणेघाट का, तर तो टिकून राहिलाय म्हणून. आणि तो टिकला कारण त्यावर चाक चढू शकलं नाही. बोरघाटात 1830 साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात गाडीरस्ता खुला झाला. मग 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर गेली, 1865 मध्ये थळघाटातून, म्हणजे कसारा घाटातून. ज्या घाटांना चाक मानवलं, ते पुढे डांबराचे, मग सहा पदरी झाले आणि त्यांच्यावरच्या जुन्या खुणा नव्या कामाखाली गेल्या. नाणेघाट या दोघांच्या मधोमध, अंगाने अरुंद आणि उभा. इथे माल जायचा तो जनावराच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. मोटारींचा रस्ता झाला तोही शेजारच्या माळशेजमधून. आजचा राष्ट्रीय महामार्ग 61 कल्याण-मुरबाडवरून तिथूनच चढतो. म्हणजे काम तेच, कोकण आणि देश जोडायचं. फक्त ते शेजारच्या घाटाकडे गेलं. जुन्या वाटेकडे कुणी लक्ष दिलं नाही, हेच तिच्या पथ्यावर पडलं.

आता ती किती जुनी. सातवाहनांच्या काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण आणि सोपारा ही बंदरं जुन्नरमार्गे पैठणला जोडणारी ही वाट होती. कल्याण म्हणजे आपलंच कल्याण. सोपारा म्हणजे नालासोपारा. कल्याणच्या दात्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत आहेत तशीच जुन्नरच्या लेण्यांतही आहेत. जुन्नरला तर स्वतःला यवन (त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परके) म्हणवणाऱ्या दात्यांचेही लेख आहेत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सफरनाम्यात कल्याणचा उल्लेख येतो, आणि तो गमतीशीर आहे: पूर्वी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, आता मात्र इथे चुकून एखादं ग्रीक जहाज लागलंच तर ते पहाऱ्यात गुजरातेतल्या भडोच बंदराला नेलं जातं. बंदरांची आपसातली चुरस काही आजची नाही! (न्हावा-शेवा बंदर जवळ असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

खिंडीच्या वरच्या टोकाला, वाटेलगतच कातळात खोदलेली गुहा आहे. हिच्यासाठीच मी लोकांना खालून या म्हणतो, कारण दमून, घाम पुसत तिच्यात शिरलं की ती विसाव्याची जागा आहे हे अंगाला समजतं. आत बसायला तीन बाजूंनी ओटा आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे, राणी नागनिकेचा. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. वर नावं आहेत, सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, मग राजकुमार. पुतळ्यांचं म्हणाल तर पायांच्या खुणांपलीकडे काही उरलेलं नाही.

या लेखातले आकडे नीट बघा. दानांची मोजदाद अंकांत दिलेली असल्यामुळे भारतातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये नाणेघाटचं नाव घेतात. शून्य नाही, अंकाच्या जागेवरून किंमत ठरवायची पद्धत नाही. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. मला स्वतःला राजाराण्यांपेक्षा यात जास्त रस वाटतो. घाटातून येणारे व्यापारीच; आकडे त्यांना वाचता येत असणार. अर्थात हा माझा तर्क. अक्षरं झिजलेली आहेत, तेव्हा सकाळी उन्हाचा तिरपा उजेड आत येतो का बघा किंवा साधी विजेरी बाजूने धरा. हात मात्र लावू नका, आणि खडूने अक्षरं भरणारा कुणी दिसला तर बोला त्याला.

वर खिंड संपते तिथे मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं प्रत्येक गाइड सांगेल आणि माहितीफलकही सांगतील. असेलही. मोक्याची जागा आहे, वर जीवधन किल्ला पहाऱ्याला बसलेला आहे, पुढे चावंड, हडसर, शिवनेरी. जकात घेतली जात नसेल असं मी म्हणत नाही. पण गुहेतला लेख यज्ञ आणि दानांचा आहे, रांजणाची गोष्ट परंपरेने चालत आलेली आहे; ऐकताना दोन्ही वेगळं ठेवा. जवळच कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. वाटसरूंच्या सोयीचा तो पुरावा मला रांजणाहून बोलका वाटतो.

आता जायचं कसं. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून कल्याणची लोकल. कल्याण स्टेशनबाहेरच एसटी स्टँड आहे. माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाटा, नगरकडे जाणारी कुठलीही गाडी चालेल. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे अशी गावं जातात. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट सुटते, तिथे उतरवा असं वाहकाला चढतानाच सांगून ठेवा. पहिली गाडी धरलीत तर ऊन चढायच्या आत पायथ्याला असाल.

सुरुवातीची वाट सपाट आहे, झाडीतून, कोरड्या ओढ्यांमधून. इथेच लोक चुकतात, कारण गुरांच्या वाटा सगळीकडे फुटतात. समोर डोंगराचा एक सुळक्यासारखा कडा दिसत राहतो, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. तो नजरेत ठेवून चालायचं. पुढे चढ लागतो, मग पायाखाली दगडी पायऱ्या येऊ लागतात, कुठे शाबूत, कुठे निखळलेल्या. शेवटचा टप्पा दोन कड्यांमधल्या नळीतून जातो. रमतगमत तीन तास धरा. वाट अवघड नाही, दोर वगैरे काही लागत नाही, पण गुडघे कुरकुरणारे असतील तर उतरताना काठी हवीच.

पावसाळ्यात जाऊ नका, असं मी म्हणेन आणि तुम्ही ऐकणार नाही. वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी वर जत्रा असते, आणि तेव्हा गुहेत उभं राहायलाही जागा मिळत नाही. दगड शेवाळलेले असतात, प्रशासन कधी कधी बंदीचे आदेशही काढतं. डिसेंबर-जानेवारीचा साधा मधला वार निवडा. पाणी घरूनच न्या, टाक्यांतलं गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका.

वर आल्यावर दोन पर्याय. आल्या वाटेने उतरून परत महामार्गावर, किंवा वरच्या घाटघर गावावरून पुढे जुन्नर. जुन्नर तिथून तीसेक किलोमीटर आहे, आणि ती वाट पूर्ण केल्याचं समाधान मोठं. मात्र वरून वाहन मिळेलच या भरवशावर राहू नका, आधी ठरवून ठेवा. पहिल्या खेपेला मी तरी परत खालीच उतरा म्हणेन. अंधार पडायच्या आत महामार्गाला लागा. तिथे थांबा म्हणून काही मोठं नाही. कल्याणची एसटी लांबून दिसली की हात दाखवायचा.

आणि हे आवडलं तर मला पुन्हा विचारा, आहुपे घाटाचं सांगतो. तोही मुरबाड तालुक्यातलाच, खोपिवलीहून वर जातो. लेख नाही, रांजण नाही, गर्दीही नाही.