तळाशी कोणाला ठेवावं?

प्रश्न : माशांच्या अडीच फुटी टाकीत निऑन टेट्रा आहेत. खाली पडलेलं खाणं साफ करायला दुकानदार प्लेको आणि रेड-टेल शार्क घ्या म्हणतो. घेऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : दोन्ही नकोत. आज बोटभर दिसणारा साधा प्लेको फूटभराच्या वर जातो आणि सफाईपेक्षा घाणच जास्त करतो. शार्क (नावाचाच, कुळ कार्पचं) मोठा झाला की सगळ्या तळावर मालकी सांगतो.

कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) घ्या, ब्राँझ जातीचे, निदान सहा. एकटादुकटा कोरी बुजतो. टोकदार खडी असेल तर आधी ती काढून बारीक, गुळगुळीत वाळू घाला. हा मासा वाळूत तोंड खुपसून मिशांनी चाचपत खातो, कल्ल्यांतून वाळू बाहेर पडताना दिसते. मधेच सुर्रकन वर जाऊन हवा गिळतो. घाबरू नका, आतड्यातून श्वास घेण्याची त्याची रीतच आहे. सगळेच सारखे वर धावू लागले तर मात्र पाणी तपासा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर हमखास. पाण्याचा पारा २८ अंशांच्या पुढे गेला तर झाकणाऐवजी जाळी टाकून पंखा लावा.

आणि उष्ट्यावर त्यांचं पोट भरत नाही हो! दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका.