जुन्या वायरवाल्या घरच्या अलार्मला रिमोट (की फॉब) लावता येतो का?

हो येतो, सेन्सरच्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही, फक्त पॅनेलला (अलार्मच्या मुख्य पेटीला) वायरलेस रिसीव्हर जोडायचा. डीएससी कंपनीचं पॉवरसिरीज पॅनेल असेल तर आरएफ५१३२-४३३ हा त्यांचाच रिसीव्हर कीपॅडच्याच चार वायरींवर (लाल, काळी, पिवळी, हिरवी) बसतो, मग फॉबचा सिरीयल नंबर प्रोग्रॅम केला की झालं. पॅनेलला असा रिसीव्हर मिळतच नसेल तर रिलेवाला (सिग्नल आला की स्विचसारखा कॉन्टॅक्ट जोडणारा) १२ व्होल्टचा साधा रिसीव्हर घ्या, त्याचा कॉन्टॅक्ट एका रिकाम्या झोनला (पॅनेलवरच्या सेन्सर जोडायच्या जागेला) द्या आणि तो झोन कीस्विच, मोमेंटरी (म्हणजे क्षणभर कॉन्टॅक्ट जुळला की अलार्म चालू किंवा बंद) असा सेट करा, इन्स्टॉलर मॅन्युअलमध्ये असतं हे सगळं. फक्त रिसीव्हर रोलिंग कोडवालाच (दर वेळी कोड बदलणारा) बघा, स्वस्तातल्या फिक्स्ड कोडवाल्याची कॉपी कुणीही करतं आणि अलार्म बाहेरूनच बंद होतो. इन्स्टॉलर कोड (पॅनेलचं प्रोग्रॅमिंग उघडायचा नंबर) मात्र आधी शोधून ठेवा, खरी बोंब तिथेच असते.