पहिला ड्रोन घेताय? कॅमेऱ्याच्या मोहात पडू नका

पोरासाठी पहिला ड्रोन घेताय आणि त्याला इलेक्ट्रॉनिक्सची गोडी असेल, तर हवेत आपोआप स्थिर राहणारा कॅमेरावाला ड्रोन नकोच. उडवायला सोपा, पण उघडून बघावं तर आत हात घालायला काही वाव नाही.

तळहातावर मावणारा, पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी असलेला 65 मिलिमीटरचा चिमुकला ड्रोन घ्या, त्याला टायनी हूप म्हणतात. वजन जेमतेम 20-30 ग्रॅम. भिंतीवर आपटला तर भिंतीचंही सहसा काही जात नाही नि त्याचंही. फक्त त्याच्या बोर्डवर बीटाफ्लाइट, म्हणजे ड्रोनचं उडणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, चालतं ना, ते बघा. मग यूएसबी केबलने संगणकाला जोडून जायरोचे (ड्रोन किती वळतोय ते मोजणाऱ्या सेन्सरचे) आकडे, मोटरचा क्रम, सगळं पोराला स्वतः चाळता येईल.

रिमोटला मात्र हात आखडता घेऊ नका. ड्रोन मोडतात, रिमोट टिकतो. तोच संगणकाला जोडून आधी सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या ड्रोनवर, हात बसवू द्या. ड्रोनचा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) आणि रिमोट एकाच प्रोटोकॉलचे, म्हणजे एकाच रेडिओ भाषेचे हवेत, नाहीतर दोघं एकमेकांना ओळखणारच नाहीत.

ड्रोनच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट दाखवतो. 3.3 च्या खाली उतरू देऊ नका. काही दिवस वापरायची नसेल तर 3.8 च्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी परत चार्जिंगला लावायची नाही, आणि चार्जिंग चालू ठेवून झोपायचंही नाही.

मी सुरुवातीला एक पंखा चुकीच्या मोटरवर बसवला होता. शेजारशेजारच्या मोटरी एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून त्यांचे पंखेही वेगळे असतात, हे डोक्यातच नव्हतं. थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरींचा जोर वाढवला, की ड्रोन जागच्या जागी पालथा! अर्धा दिवस बिचाऱ्या मोटरला शिव्या घातल्या. आणि हो, टेबलावर मोटर तपासताना पंखे आधी काढायला सांगा.