भंगारातल्या स्प्रिंगचे पोलाद कोणते आहे, हे घरी कसे ओळखावे आणि त्याची सुरी घडवता येईल का?

ट्रकचा जुना कमानपाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) भंगारातून आणून त्याची सुरी घडवायची असेल, तर त्याचे पोलाद आधी कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. नेमका प्रकार प्रयोगशाळेतील तपासणीवाचून कळत नाही; पण माझ्या मते सुरी करणाऱ्याला तो कळण्याची फारशी गरजही नसते. हातातला तुकडा पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवून थंड केल्यावर, कडक होतो का, आणि त्यासाठी तेल पुरते की पाणीच लागते, एवढे समजले की काम भागते.

कमानपाटा म्हणजे ५१६० क्रमांकाचे पोलाद, असे सांगणारे जे तक्ते इंटरनेटवर फिरतात, ते अमेरिकेतल्या गाड्यांवरून बनलेले आहेत. आपल्याकडच्या पाट्यांत सिलिकॉन-मँगनीजचे ईएन ४५ किंवा क्रोम-व्हॅनेडियमचे ईएन ४७ या प्रकारचे पोलाद असू शकते. या सर्वांत कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असल्यामुळे तिन्हींची चांगली सुरी होते. घिसाडी लोक याच पाट्यांचे कोयते आणि विळे घडवतात, तेही कोणताही तक्ता न पाहता.

पहिली चाचणी ठिणग्यांची. पाट्याचा कोपरा अंधाऱ्या जागी ग्राइंडरला लावावा आणि शेजारी माइल्ड स्टीलची पट्टी व जुनी कानस ठेवून तिन्हींच्या ठिणग्या आलटून पालटून पाहाव्यात. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात, तर कानशीच्या दाट आणि टोकाला फुटून फांद्या काढणाऱ्या असतात. स्प्रिंगच्या ठिणग्या या दोहोंच्या मधल्या दिसतात. मात्र सिलिकॉन आणि क्रोमियम ठिणग्यांचे फुटणे दाबून टाकतात, त्यामुळे केवळ या एका चाचणीवर मी विसंबत नाही.

खरा निवाडा तुकडा मोडून होतो. पाट्याचा बोटभर तुकडा भट्टीत तापवावा. सुमारे ७७० अंशांना त्याला लोहचुंबक चिकटेनासे होते, त्यानंतर रंग आणखी थोडा उजळ होईपर्यंत थांबून तो कोमट खाद्यतेलात बुडवावा. (गाडीचे जळके ऑइल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो.) थंड झाल्यावर कानस फिरवून पाहावी. ती न चावता घसरली, तर पोलाद कडक झाले आहे. मग तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून, वर जाड फडके टाकून आणि डोळ्यांना चष्मा लावून हातोडीने मोडावा. मोडलेली बाजू राखाडी, बारीक आणि मंद दिसली तर उष्णता योग्य होती. साखरेसारखे चकाकणारे कण दिसले तर पोलाद जास्त तापले होते, म्हणून पुढचा तुकडा कमी तापवून पाहावा. तुकडा न मोडता वाकला, तर दुसरा तुकडा पाण्यात बुडवून पाहावा, आणि तोही वाकला तर तो पाटा सुरीसाठी सोडून द्यावा.

पोलाद चांगले निघाले तरी पाटा चांगला असेलच असे नाही. वर्षानुवर्षे भार सोसलेल्या पाट्यात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात आणि त्या पाणी देताना उघडतात. घासून स्वच्छ केलेल्या पाट्यावर रॉकेल लावून थोड्या वेळाने पुसावे आणि वर खडूची पूड चोळावी. भेगेत शिरलेले रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवते. तो भाग कापून टाकावा. जस्ताचा मुलामा असलेली स्प्रिंग भट्टीत घालूच नये.

घडवल्यानंतर सुरी दोन-तीन वेळा लाल तापवून हवेत थंड होऊ द्यावी, मग तेलात पाणी द्यावे आणि लगेच ओव्हनमध्ये सुमारे २०० अंशांवर एकेक तास दोनदा ठेवावी. लाकूड तोडण्याच्या कोयत्याला मात्र यापेक्षा अधिक, साधारण २७० अंश द्यावेत, नाहीतर धारेचे तुकडे उडतात.

एका पाट्यातून अनेक सुऱ्या निघतात आणि त्या सर्वांना चाचणीचा एकच निकाल चालतो. म्हणून कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर त्याच पाट्याची खूण ठोकून ठेवावी. वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे एका डब्यात मिसळले, की सगळी तपासणी पुन्हा करावी लागते.